उंट गायीचा, घोड्याचा की कुणाचाच नाही?

आपण लिहिलेली हकिकत थोडक्यात अशी आहे. दिवाळीच्या सुट्टीत गणपतीपुळ्याच्या वाळूवर आपली मुलगी उंटावरून फिरली आणि परतीच्या वाटेवर गाडीत वाद सुरू झाला. जन्मभर गोठा सांभाळलेल्या आपल्या सासऱ्यांचे म्हणणे असे, की जो प्राणी रवंथ करतो आणि ज्याच्या पायाला दोन बोटे आहेत, तो गायीगुरांच्या गोतातला असणारच. उंटवाल्याने मात्र उंट आणि घोडा हे चुलतभाऊ असल्याचे ठामपणे सांगितले होते. सातवीतल्या मुलीने कुठेतरी वाचले होते की गायीला उंटापेक्षा देवमासा जवळचा आहे, आणि ते ऐकून गाडीतले सगळे हसले. आता शाळेच्या तक्त्यावर उंट नेमका कुठे काढावा, असे आपण विचारले आहे.

मुलीचे वाचन बरोबर आहे. सासऱ्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे आणि उंटवाल्याचे जवळजवळ पूर्ण चूक आहे. सासऱ्यांच्या अर्ध्या बरोबर उत्तरावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण एकेकाळी मीही तेवढ्यावरच थांबलो होतो.

मी रत्नागिरी जिल्ह्यात गेली २६ वर्षे पशुवैद्यक म्हणून काम करतो. माझ्याकडे येणारी जनावरे बहुतेक गायी, म्हशी, शेळ्या आणि कुत्री असतात; पर्यटनाच्या हंगामात किनाऱ्यावरचे घोडे आणि उंटही पाहावे लागतात. जीवाश्मांचा अभ्यास हा माझा व्यवसाय नाही, ती माहिती मी वाचून मिळवली आहे. पण उंट गायीचा कोण लागतो हा प्रश्न माझ्यासाठी फावल्या वेळेतल्या कुतूहलाचा राहिलेला नाही, कारण औषधाची मात्रा ठरवताना पुस्तकातले कोणत्या जनावराचे पान उघडायचे, हे त्यावर ठरते.

खरी अडचण 'नातलग' या शब्दात आहे. दोन प्राणी सारखे दिसतात किंवा सारखे वागतात म्हणून आपण त्यांना नातलग म्हणतो, आणि दोन प्राण्यांचा पूर्वज एक होता म्हणूनही नातलगच म्हणतो. हे दोन्ही अर्थ पुष्कळदा जुळतात, पण नेहमी जुळत नाहीत. आपल्या आंब्याच्या बागेत उतरणाऱ्या वानराचे उदाहरण घ्यावे. काळतोंड्या वानराचे पोट अनेक फुगीर कप्प्यांचे असते आणि कोवळा पाला त्यात जिवाणूंच्या मदतीने आंबतो, म्हणजे पचनाची पद्धत गायीच्या अंगाने जाणारी आहे. तरीही वानराला गायीचा भाऊबंद कोणी म्हणणार नाही, कारण त्याचे बाकीचे सगळे शरीर माकडाचे आहे हे आपल्याला डोळ्यांनी दिसते. उंटाच्या बाबतीत बाकीचे शरीरही गुरांसारखेच दिसते, आणि फसगत होते ती तिथे. पाला पचवण्याची गरज एकदा आली की त्यासाठीचे पोट वेगवेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे घडू शकते. तेव्हा उंट रवंथ करतो यावरून फार तर त्याचे खाणे काय आहे ते कळते. गोत्र कळत नाही.

आता पाय पाहू, कारण घोड्याचा निकाल पायावरच लागतो. आपला पंजा टेबलावर पालथा ठेवावा आणि मनगट हळूहळू वर उचलावे. सर्वांत आधी अंगठा सुटतो, मग करंगळी, आणि शेवटी मधली बोटे टेकलेली राहतात. जमिनीवर वेगाने धावणाऱ्या प्राण्यांचे पाय लाखो वर्षांत असेच टाचेवरून बोटांवर आणि बोटांवरून नखांवर उचलले गेले. त्यात दोन मार्ग पडले. काहींचा भार मधल्या, म्हणजे तिसऱ्या बोटावर एकवटला. घोड्याने तर तेवढे एकच बोट ठेवले. इतरांचा भार तिसऱ्या आणि चौथ्या बोटांच्या मधून जमिनीत उतरला, म्हणून दोन सारख्या बोटांची जोडी पुढे आली. रिचर्ड ओवेन या इंग्रज शरीररचनाशास्त्रज्ञाने १८४८ मध्ये याच कसोटीवर खुरांच्या प्राण्यांचे दोन गण केले, ज्यांना मराठीत आपण विषमखुरी आणि समखुरी म्हणतो. घोडा, गेंडा आणि टापीर विषमखुरी. गाय, हरीण, डुक्कर, पाणघोडा, जिराफ आणि उंट समखुरी. येथे नुसती बोटे मोजू नयेत, एवढे मुलीला सांगावे. टापिराच्या पुढच्या पायाला चार बोटे असतात, तरी तो विषमखुरीच आहे, कारण त्याचा भार मधल्या बोटावरून जातो. या कसोटीने उंट घोड्यापासून स्पष्टपणे वेगळा होतो. दोघेही पाठीवर माणूस घेतात ही माणसाची सोय आहे, त्यावरून त्यांचे नाते ठरत नाही.

सासऱ्यांनी म्हटले त्याप्रमाणे उंटाला दोन बोटे आहेत, हे खरेच. पण ओल्या वाळूवर उंट चालून गेल्यावर त्याचा ठसा बघावा. गायीच्या खुराचा ठसा दोन टोकदार अर्ध्या बदामांसारखा उमटतो. उंटाचा ठसा भाकरीसारखा गोल, पुढे किंचित फट असलेला. उंट खुरावर चालतच नाही. त्याच्या बोटांच्या टोकाला नुसती नखे असतात, आणि बोटांखालची चरबीची रुंद गादी सगळा भार घेते. योहान इलिगर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८११ मध्ये उंटाच्या गटाला 'टायलोपोडा' हे नाव दिले, त्याचा अर्थच पायाला गादी असलेले असा आहे. गायीच्या आणि उंटाच्या नळीच्या हाडातही फरक आहे. दोघांतही तळव्याची दोन लांब हाडे जुळून एक झालेली असतात. परंतु गायीत ती खालपर्यंत समांतर राहतात आणि उंटात खालच्या टोकाला चिमट्याच्या पायांसारखी फाकतात. हाडांच्या ढिगाऱ्यातून उंटाचे हाड वेगळे काढायचे असेल तर मी आधी हेच पाहीन.

पोटाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या घरातला मुख्य वाद त्यावर आहे. गायीच्या पोटाला चार कप्पे असतात. उंटाच्या पोटाला तीन मानले जातात. गायीचा पानांसारख्या घड्यांचा जो तिसरा कप्पा असतो, तसा वेगळा कप्पा उंटात नाही. उंटाच्या पहिल्या दोन कप्प्यांत लहान लहान पिशव्यांच्या रांगा असतात आणि त्यांच्या अस्तरात ग्रंथी असतात. गायीच्या पहिल्या कप्प्यात ग्रंथी नसतात. या पिशव्यांत उंट पाणी साठवतो, अशी समजूत पूर्वी पुष्कळांची होती, ती चुकीची आहे. उंटाचा तिसरा कप्पा लांब नळीसारखा असतो आणि आम्ल त्याच्या अगदी शेवटच्या भागातच तयार होते. काम एकच, पण बांधणी वेगळी. एखाद्या गावात दोन गवंड्यांनी एकमेकांना न विचारता घरे बांधावीत, दोन्ही घरांत पाऊस न गळावा, आणि छपराखालचा सांगाडा मात्र दोघांनी आपापल्या पद्धतीने उभा करावा, तसे हे आहे.

कप्पे मोजूनही निकाल लागत नाही, याचा पुरावा आपल्या सह्याद्रीतच आहे. घाटाखालच्या जंगलात पिसोरी नावाचे सशाहून थोडे मोठे, बिनशिंगांचे, ठिपक्यांचे हरणासारखे जनावर असते. तिच्या पोटातला तो घड्यांचा कप्पा इतका अविकसित असतो की तिलाही तीनच कप्पे आहेत असे म्हणता येते. तरीही पिसोरी ही खऱ्या रवंथ करणाऱ्यांच्या घराण्यातली आहे. त्या घराण्यातून सर्वांत आधी वेगळी झालेली शाखा आहे, एवढेच. म्हणजे तीन कप्पे असून एक जनावर गायीच्या घरातले आणि दुसरे बाहेरचे.

दातांची गोष्ट मी स्वतःच्या बोटाची किंमत देऊन शिकलो. व्यवसायाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी किनाऱ्यावरचा एक उंट चारा सोडून बसला होता. गाय म्हणजे मला घरचे जनावर. तिच्या वरच्या जबड्याला पुढे दातच नसतात, नुसती कडक हिरडी असते, म्हणून पुढून तोंडात हात घालताना गुरांचा डॉक्टर फारसा विचार करत नाही. मीही तसाच हात घातला. उंटाच्या वरच्या जबड्यात पुढे दातांची एक जोडी असते आणि तिच्या मागे चांगले टोकदार सुळे असतात, हे कॉलेजात वाचलेले मला त्या क्षणी आठवले. उंटवाल्याने प्रसंग सांभाळला आणि माझे बोट वाचले, पण नख गेले.

नंतर मला कळले की हा फरक आपल्या जुन्या लोकांच्या नजरेतून सुटला नव्हता. संस्कृत धर्मग्रंथांत एका खुराच्या प्राण्यांना 'एकशफ' आणि एकाच जबड्यात दात असलेल्यांना 'एकतोदत' अशी नावे आहेत, आणि एकाच जबड्यात दात असलेल्यांपैकी कोणते प्राणी खाण्यास चालतात हे सांगताना 'उंट वगळून' असा अपवाद मुद्दाम केलेला आहे. तेव्हाही उंट वर्गवारीत नीट बसत नव्हता आणि त्यासाठी एक शब्द जास्त खर्चावा लागत होता.

युरोपात लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने १७५८ मध्ये उंट, हरीण, शेळी, मेंढी आणि गाय यांना एकाच गणात घातले आणि घोड्याला पाणघोड्याच्या शेजारी बसवले. पुढे फ्रेंच शरीररचनाशास्त्रज्ञ कुव्हिए यांनीही उंटाला रवंथ करणाऱ्यांतच ठेवले. यामागे पोटाइतकेच दाढांचे कारण होते: गायीच्या आणि उंटाच्या दाढांवर चंद्रकोरीसारख्या कडा असतात, डुकराच्या दाढांवर गोल उंचवटे असतात. तेव्हा आपले सासरे चुकले असतील तर ते मोठ्या माणसांच्या संगतीत चुकले आहेत, आणि ही चूक विसाव्या शतकाच्या शेवटपर्यंत पुष्कळ पुस्तकांत होती.

मग नाते ओळखायचे कशावरून? माझे उत्तर असे आहे की ज्या खुणेचा उपयोग सहज सांगता येतो तिच्यावर कमी विश्वास ठेवावा, आणि जी खूण उगाच चिकटून राहिल्यासारखी वाटते तिच्यावर जास्त. समखुरी प्राण्यांच्या मागच्या पायाच्या घोट्यात एक लहान हाड असते, त्याला वर आणि खाली अशा दोन्ही टोकांना विहिरीच्या रहाटासारखी खाच असते. गायीत, डुकरात, हरणात, उंटात, सगळ्यांत ते आहे. घोड्यात फक्त वरच्या टोकाला रहाट आहे. पाकिस्तानात सापडलेल्या, पाय असलेल्या प्राचीन देवमाशांच्या घोट्यात हेच दुहेरी रहाटाचे हाड मिळाले, आणि दोन वेगवेगळ्या संशोधकगटांनी ते २००१ या एकाच वर्षी प्रसिद्ध केले. आज पोहणाऱ्या देवमाशाला मागचे पायच नाहीत. पण त्याचे पूर्वज समखुरी होते, याबद्दल शंका उरली नाही. या कहाणीत आपल्याकडचाही एक दुवा आहे. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जम्मू-काश्मीरमधील कालाकोट भागातून दगड गोळा केले होते. त्यांच्या पश्चात ते फोडून अभ्यासले गेले, तेव्हा इंडोहायस या मांजराएवढ्या, पाण्याशी सलगी असलेल्या समखुरी प्राण्याची हाडे नीट हाती आली, आणि २००७ मध्ये तो देवमाशांच्या पूर्वजांचा अगदी जवळचा आप्त ठरवण्यात आला. तो सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा आहे.

दुसरा पुरावा जनुकांचा आहे आणि माझ्या मते तोच निर्णायक आहे. पोथीची नक्कल करताना एखाद्या लेखनिकाने एका ओळीत चुकून एक निरर्थक शब्द घातला, तर त्या प्रतीवरून उतरवलेल्या सगळ्या पोथ्यांत तो शब्द त्याच ठिकाणी सापडतो, आणि कोणती पोथी कोणत्या घराण्यातली हे त्यावरून कळते. सजीवांच्या गुणसूत्रांतही असे निरर्थक तुकडे अधूनमधून घुसतात आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहतात. नोरिहिरो ओकाडा आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी १९९७ आणि १९९९ मध्ये दाखवले की काही तुकडे गाय, पाणघोडा आणि देवमासा या तिघांत अगदी त्याच जागी आहेत, आणि उंटात व डुकरात ती जागा रिकामी आहे. काही तुकडे फक्त पाणघोडा आणि देवमासा यांच्यात समान आहेत. उंटाची फांदी आधी फुटली की डुकराची, यावर काही काळ मतभेद होता. आज बहुतेक अभ्यासक उंटाचीच फांदी सर्वांत आधी, साधारणपणे ६ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास, वेगळी झाली असे मानतात. म्हणून गायीचे उंटापेक्षा देवमाशाशी नाते जवळचे आहे, आणि डुकराशीही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या याच किनाऱ्यावर देवमाशाचे एक पिलू वाळूत अडकले होते. त्याला पुन्हा खोल पाण्यात सोडण्यासाठी लोकांनी पुष्कळ धडपड केली, पण ते वाचले नाही. एरवी त्या वाळूवर उंट फेऱ्या मारत असतात आणि संध्याकाळी गावातली गुरेही कधी कधी तिथे येऊन बसतात. या तिघांपैकी परका कोण असे कुणालाही विचारले तर सगळे समुद्राकडे बोट दाखवतील. वंशावळीत परका उंट आहे.

येथवर सांगितलेले एकत्र करून लिहितो: भार दोन बोटांवर, म्हणून उंट घोड्याच्या नव्हे तर गायीच्या मोठ्या गणात येतो, पण त्या गणात तो सर्वांत आधी वेगळा राहायला गेलेला भाऊ आहे, आणि रवंथ करणे त्याने गायीकडून घेतलेले नाही.

आता तो वेगळा राहायला गेला कुठे, हे सांगितले पाहिजे, कारण मला या विषयातला सर्वांत मोठा धक्का तिथे बसला. उंट अरबस्तानचा, फार तर राजस्थानचा, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्याचे घराणे उत्तर अमेरिकेत जन्मले आणि जवळजवळ ४ कोटी वर्षे त्या खंडाबाहेर पडलेच नाही. सुमारे ४.५ कोटी वर्षांपूर्वीचा प्रोटायलोपस सशाएवढा होता. सुमारे ३.५ कोटी वर्षांपूर्वीचा पोएब्रोथेरियम शेळीएवढा होता, आणि त्याच्या पायाला हरणासारखे खूर होते. गादी पुढच्या काळात आली. त्यानंतर त्या घराण्यात किती प्रकार झाले हे वाचताना थक्क व्हायला होते: हरणासारखे हलके, चपळ उंट झाले आणि एपिकॅमेलससारखे जिराफाच्या मानेचे उंटही झाले. मग ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी पॅराकॅमेलस नावाचा मोठा उंट, आज बेरिंगची सामुद्रधुनी आहे त्या भागात तेव्हा असलेल्या जमिनीवरून आशियात उतरला. आजचे सगळे उंट त्याच्या वंशातले. दुसरी शाखा सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी पनामाच्या नव्या भूपट्टीवरून दक्षिण अमेरिकेत गेली आणि तिथे लामांचे घराणे झाले. मूळ घरात राहिलेले उंट मात्र हिमयुगाच्या शेवटी, सुमारे ११ ते १३ हजार वर्षांपूर्वी, नामशेष झाले. घोड्याचीही हीच कथा आहे: तोही उत्तर अमेरिकेत वाढला, त्याच वाटेने आशियात आला आणि मायदेशात संपला. उंटवाल्याला समाधान द्यायचे असेल तर उंट आणि घोडा हे एका गावचे आणि एकाच रस्त्याने परदेशी आलेले, एवढे म्हणता येईल.

२०१३ मध्ये नतालिया रिबचिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडाच्या अगदी उत्तरेकडच्या एल्समिअर बेटावरून मिळालेले उंटाच्या नडगीचे हाड प्रसिद्ध केले. ते सुमारे ३० तुकड्यांत होते, सुमारे ३५ लाख वर्षांपूर्वीचे होते, आणि आजच्या उंटाच्या हाडाहून साधारण ३० टक्क्यांनी मोठे होते. ते उंटाचे आहे हे हाडातल्या प्रथिनावरून पटवावे लागले. तेव्हा तिथे आजच्याइतकी थंडी नव्हती, सूचिपर्णी जंगल होते, पण ध्रुवाजवळची अनेक महिन्यांची रात्र आणि बर्फ होताच. पायाची रुंद गादी बर्फावर रुतत नाही आणि पाठीवरच्या चरबीवर लांब हिवाळा काढता येतो. म्हणून ही दोन्ही साधने आधी थंडीत उपयोगी पडली असावीत, असे त्या संशोधकांनी सुचवले. मला ते पटते, पण वाळवंटात पोहोचलेल्या उंटाने पुढे स्वतः बरेच कमावले हेही विसरू नये. पाणी वाचवण्यासाठी दिवसा अंगाचे तापमान अनेक अंशांनी वाढू देणे ही त्यातलीच एक युक्ती. त्यामुळे भर दुपारी उंटाला थर्मामीटर लावून ताप आहे असे घाईने ठरवता येत नाही.

भारतातही उंट माणसाबरोबर पहिल्यांदा आला असे नाही. शिवालिकच्या टेकड्यांतून मिळालेल्या एका नामशेष उंटाचे वर्णन फाल्कनर आणि कॉटली यांनी १८३६ मध्येच केले होते. आज किनाऱ्यावर दिसतो तो एका मदारीचा, म्हणजे पाठीवर एकच उंचवटा असलेला, उंट मात्र अरबस्तानात सुमारे ३ हजार वर्षांपूर्वी माणसाळवला गेला, आणि त्याचे रानटी भाऊबंद आता जगात कुठेही नाहीत. दोन मदारींचा पाळीव उंट मध्य आशियातला. मंगोलिया आणि चीनच्या वाळवंटांत दोन मदारींचे जे रानटी उंट थोड्या संख्येने उरले आहेत, त्यांना पूर्वी पळून गेलेले पाळीव उंट समजत; जनुकांवरून ती वेगळी जाती ठरली आहे. दक्षिण अमेरिकेत ग्वानाको आणि विकुन्या हे दोन रानटी, आणि लामा व अल्पाका हे दोन पाळीव. मिळून सात, आणि सगळ्यांची गुणसूत्रे ७४. उंट आणि लामांचे घराणे वेगळे होऊन १ कोटीहून अधिक वर्षे झाली आहेत, तरीही १९९८ मध्ये दुबईत कृत्रिम रेतनाने उंट नर आणि ग्वानाको मादी यांचे पिलू जन्माला आले. उंट आणि गाय यांच्यात असे काही होण्याची शक्यताही नाही.

या घराण्याची एक खूण रक्तातही आहे. बाकीच्या सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशी गोल, उंट आणि लामांच्या लंबगोल. १९९३ मध्ये ब्रसेल्सच्या संशोधकांना उंटाच्या रक्तात नेहमीच्या जड आणि हलक्या अशा दोन साखळ्यांऐवजी फक्त जड साखळीच्या प्रतिपिंडांचा, म्हणजे रोगजंतूंना अडवणाऱ्या प्रथिनांचा, एक प्रकार सापडला. तोही लामांत आहे आणि गायीत नाही. त्यावर आधारलेले पहिले औषध २०१८ मध्ये युरोपात माणसांसाठी मान्य झाले.

माझ्या कामात हे सगळे कुठे उपयोगी पडते, ते सांगतो. कोकणात उंटाची सर्वांत मोठी भीती मला सर्रा या रोगाची वाटते. ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये पंजाबात घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात त्याचे परजीवी ओळखले. रक्त पिणाऱ्या मोठ्या माश्या तो पसरवतात, आणि अशा माश्यांना आपला पावसाळा मानवतो. गायीच्या सर्रावर सर्रास वापरले जाणारे डिमिनाझिन उंटाला देताना उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांतले अंतर फार कमी असते. सुरुवातीच्या काळात एकदा मी ते गायीच्या हिशेबाने सिरिंजमध्ये भरलेही होते. बरोबरच्या ज्येष्ठ सहकाऱ्याने हात धरला म्हणून उंट वाचला. गुंगीच्या झायलाझिनचेही तसेच: गायीला ते अगदी थोडे पुरते, घोड्याला त्याच्या कितीतरी पट लागते, आणि उंट या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसतो. कोंबडीखाद्यात मिसळली जाणारी मोनेन्सिन आणि सॅलिनोमायसिन ही द्रव्ये उंटाला आणि घोड्याला जिवावर बेतणारी आहेत. म्हणून उरलेले कोंबडीखाद्य उंटापुढे टाकू नये, असे मी प्रत्येक उंटवाल्याला सांगतो. उलट लाळ्या-खुरकूत गोठ्यात थैमान घालतो, तेव्हा एका मदारीचा उंट त्याला सहसा बळी पडत नाही. यांतल्या प्रत्येक गोष्टीचे कारण वंशावळीत सापडेलच असे मी म्हणणार नाही. पण उंट म्हणजे उंच गाय अशी समजूत करून घेतली की यातले एकही ध्यानात येत नाही.

वेताच्या वेळीही फरक दिसतो. गायीची वार गर्भाशयाला ठिकठिकाणी गुंडींसारखी चिकटलेली असते आणि ती अडकणे हे आमचे रोजचे दुखणे आहे. सांडणीची वार डुकरिणीसारखी आणि घोडीसारखी सगळीकडे सारखी पसरलेली असते. ही खूण ऐकून उंटवाला पुन्हा घोड्याकडे बोट दाखवील, म्हणून एक सावधगिरी सांगतो. सारखेपणा जुन्या सामायिक वारशातून आलेला असेल तर त्यावरून जवळीक सिद्ध होत नाही. पसरलेली वार ही बहुधा जुनी पद्धत आहे आणि गुंडींची वार गायीच्या घराण्याने नंतर घडवली. त्याचप्रमाणे एखादी गोष्ट नसण्यावरूनही नाते ठरवू नये. पित्ताशय घोड्याला नाही, उंटाला नाही, सांबराला नाही आणि देवमाशालाही नाही. गायीला आणि डुकराला आहे. ते निरनिराळ्या घराण्यांत वेगवेगळ्या वेळी गळून पडले आहे.

तक्ता कसा काढावा हे कशासाठी काढायचा यावर अवलंबून आहे. खाण्यापिण्याच्या पद्धतीचा तक्ता असेल तर उंट गायीशेजारी बिनदिक्कत काढावा. पशुधनाच्या उपयोगाचा असेल तर घोड्याशेजारीही चालेल. वंशावळीचा असेल तर खालच्या बाजूला विषमखुरी घराणे पूर्णपणे वेगळे दाखवावे. समखुरींच्या खोडातून पहिली फांदी उंट आणि लामांची काढावी, दुसरी डुकरांची, त्यानंतर उरलेल्या खोडाचे दोन भाग करावेत: एकावर रवंथ करणारे, दुसऱ्यावर पाणघोडा आणि देवमासा. रवंथ करणाऱ्यांच्या फांदीवर अगदी सुरुवातीला पिसोरीची डहाळी काढावी आणि मग हरणे, जिराफ, शेळ्यामेंढ्या, गायी आणि गवे. गणाला नाव काय द्यावे यावर अजून एकवाक्यता नाही. काही जण देवमासे धरून लांबलचक नवे नाव वापरतात, काही जण ओवेनचेच नाव ठेवून त्यात देवमासे सामावतात. सातवीच्या तक्त्यावर 'समखुरी' पुरे आहे, कारण बाईंनी विचारल्यावर मुलीला देवमाशाचे खूर कुठे गेले ते सांगता येईल.

सासऱ्यांना हे सगळे वाचून दाखवल्यावर ते बहुधा रवंथाच्या मुद्द्यावर अडून बसतील. पुढच्या वेळी किनाऱ्यावर गेल्यावर त्यांना उंटाचे वरचे दात पाहू द्यावेत. मात्र ओठ उंटवाल्यालाच वर करायला सांगावा.